गवा दिसला का?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या दाजीपूरला दोन रात्री काढून आमची चौथी परत आली त्याला आता पंधरवडा होईल. तरी शाळेच्या फाटकात, मंडईत, रिक्षात कोण ना कोण विचारतंच, "बाई, गवा दिसला का?" उत्तर सोपं आहे. ३१ मुलांपैकी १९ जणांना दिसला, १२ जणांना नाही. मी त्या बाराजणांबरोबर होते.

सहल काढायची हे जूनमध्येच ठरलं होतं. परिसर अभ्यासाच्या तासाला मी गेली १४ वर्षं फळ्यावर तीच साखळी काढते: गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. मध्ये बाण. मुलं ती वहीत उतरवतात, परीक्षेत जशीच्या तशी लिहितात आणि पैकीच्या पैकी मार्क घेतात. यंदा एका मुलीनं विचारलं, "बाई, घारीला कोण खातंय?" मी "कुणी नाही" म्हटलं आणि फळा पुसला. घरी जाताना बसमध्ये ते उत्तर माझं मलाच खटकलं.

आमच्या सरांचा आग्रह राष्ट्रीय उद्यानाचा होता, म्हणजे चांदोली. २००४ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० पासून ते कोयनेबरोबर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. पण तिथं पोचून, जंगल बघून, नऊ वर्षांच्या पोरांना घेऊन परत यायचं गणित काही जमेना. दाजीपूर आपल्याच जिल्ह्यातलं, रस्ता ओळखीचा, वाटेत धरण. शेवटी राधानगरीवर, म्हणजे दाजीपूरच्या अभयारण्यावर, एकमत झालं. तरी सर बसमध्ये बसल्यावरही "चांदोली ते चांदोलीच" म्हणत होते.

शुक्रवार

डिसेंबरातली सकाळ. रंकाळ्यावर धुकं इतकं की पलीकडचा काठ दिसत नव्हता. साडेसहाला निघायचं होतं, सव्वासातला निघालो. ३१ मुलं, सर, मी, एक ताई आणि शाळेतले शिपाईमामा. मामा नसते तर ही सहल झालीच नसती, हे आधीच सांगून टाकते.

बसमध्ये पहिल्या बाकावर जो बसला होता त्याची ओळख करून द्यायला हवी. गंगावेशच्या दूध कट्ट्यावर याच्या घरच्या म्हशी धारेला उभ्या असतात. याचा कुठलाही निबंध म्हशीवर येऊन थांबतो. 'माझा आवडता सण' लिहायला दिला तर दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून कशा पळवतात हे दोन पानं. वर्गातल्या पोरांना त्याच्या म्हशींचा अगदी कंटाळा आलेला. या लेखात मी त्याला म्हैसवाला म्हणते. वर्गात तेच नाव आहे आणि त्याला ते आवडतं.

हळदी, परिते, भोगावतीचा कारखाना. रस्त्याच्या कडेला उसाच्या ट्रॉल्यांची रांग. परित्याच्या पुढं पहिली उलटी, मग दुसरी, मग साथच आली. (लहान मुलांना निघताना भरपेट नाष्टा देऊ नका, हे पालकांना आम्ही चिठ्ठीत लिहिलं होतं. तरी एकानं घरनं मिसळ खाऊन आल्याचं नंतर आपल्या तोंडानं सांगितलं, आणि त्याआधी दुसऱ्या मार्गानंही.) लिंबू, आवळासुपारी आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा जवळ ठेवा.

वाटेत एका गुऱ्हाळावर थांबलो. काहिलीत रस उकळत होता, वर मळी येत होती आणि ती काढायला त्यांनी भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकला होता. मुलांना हे काही केल्या पटेना. "गुळात भेंडी?" चुलवाणात सरपण म्हणून रस काढून उरलेली चिपाडंच. गुऱ्हाळवाल्या काकांनी पळसाच्या पानावर गरम गूळ दिला. पुढचा अर्धा तास बसमध्ये कुणी बोललं नाही, दात चिकटले होते.

राधानगरी धरणापाशी मी प्रस्तावना करायला तोंड उघडलं आणि मागून आवाज आला, "बाई, एका दरवाजातनं १४२८ क्युसेक." मग दुसरा, "सात दरवाजे हाईत." तिसरा, "३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका." कोल्हापूरच्या पोरांना हे शिकवावं लागत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर पावसाळ्यात प्रत्येक घरात पंचगंगेचे फूट मोजले जातात. 'राधानगरीचा दरवाजा उघडला' ही बातमी या पोरांनी बडबडगीतांच्या वयापासून ऐकली आहे. दरवाजे मात्र आज पहिल्यांदा बघितले. तलाव भरून पाणी ठरावीक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. हे कळल्यावर एकीनं विचारलं, "म्हणजे कोण माणूस बटन दाबत न्हाई?" तिच्या गल्लीत गेली दोन वर्षं त्या माणसाला शिव्या बसत होत्या.

धरणाची गोष्ट मी थोडक्यात सांगितली. शाहू महाराजांनी हे काम हाती घेतलं, वसवलेल्या गावाला आपल्या कन्येचं, राधाबाईंचं, नाव दिलं आणि धरण पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. मागचं जंगल टिकलं, कारण ते कोल्हापूरच्या राजघराण्याचं शिकारीचं रान होतं. १९५८ साली दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य झालं. १९८५ मध्ये ते वाढवून राधानगरी अभयारण्य केलं, साधारण ३५१ चौरस किलोमीटर. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा जागतिक वारसा म्हणून निवडल्या, त्यांत हे आहे. एवढं सांगेपर्यंत निम्मी मुलं धरणाच्या कठड्यावरून माकडं मोजायला लागली होती. बरोबरच आहे म्हणा.

मग मी माझा खरा प्रश्न काढला. "तुमच्या घरी नळाला पाणी कुठनं येतं?"

"टाकीतनं."

"टाकीत कुठनं?"

"मोटरीतनं."

"आणि मोटरीत?"

इथं गाडं अडलं. आमचा गाईडदादा तिथं येऊन मिळाला होता, दाजीपूरकडच्याच वाडीतला, पंचविशीचा. त्यानं हात लांब करून डोंगर दाखवला. डोंगराच्या या अंगाला पडलेलं पाणी भोगावतीत, म्हणजे या तलावात. पलीकडच्या अंगाला पडलेलं दूधगंगेत, म्हणजे काळम्मावाडीच्या धरणात. कोल्हापूरची थेट पाईपलाईन तिथूनच येते. "तुम्ही सकाळी तोंड धुतलंय ते ह्या डोंगराच्या पाण्यानं," तो म्हणाला. मिसळ खाऊन आलेल्यानं तोंड धुतलं नव्हतं, असं त्याच्या शेजारणीनं लगेच जाहीर केलं.

दाजीपूरला पोचेपर्यंत चार वाजले. मुक्काम अभयारण्याच्या फाटकाबाहेर, भाताच्या खाचरांना लागून. भातकापणी होऊन गेलेली, नुसते खुंट उभे.

रात्री स्वयंपाकाच्या मावशींनी नाचणीची भाकरी, हुलग्याची आमटी, भात आणि लसणाची चटणी केली होती. शहरातल्या पोरांना काळी भाकरी बघून रडू येईल असं मला वाटलं होतं. सकाळपासून पोटातलं सगळं परित्याजवळच राहिल्यामुळे असेल, पण प्रत्येकानं दीड-दोन भाकऱ्या उडवल्या.

एकानं मावशींना विचारलं, "तुमी गवा बघितलाय?"

मावशी तव्यावरून मान वर न करता म्हणाल्या, "तुमास्नी तिकीट काढून बघाय लागतोय, आमच्या भातात फुकट येतोय. रात्रीत निम्मं खाचर तुडवून ग्येला औंदा." वनखात्याकडून भरपाई मिळते का, असं मी विचारलं. मिळते, पण कागदं करायला किती खेटे घालावे लागतात याचा हिशेब त्यांनी सांगितला. पोरं ऐकत होती. 'गवा वाचवा' अशी चित्रं रंगवून आणलेल्या दोघीतिघींनी आपली चित्रं हळूच दप्तरात ठेवली. मला ते बघून वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

जाणाऱ्यांसाठी: इथं मोबाईलला रेंज धरून चालू नका. पालकांना आधीच सांगा, की फोन लागला नाही तर सगळं ठीक आहे असं समजा. डिसेंबरात रात्री चांगलीच थंडी पडते, स्वेटर आणि कानटोपी हवीच. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं आणि एरवीही आठवड्याची एक सुट्टी असते. निघायच्या आधी वनखात्याच्या कार्यालयात विचारून वार ठरवा.

शनिवार

आदल्या रात्री नऊ वाजता निरोप आला. ठरवलेल्या पाच जीपगाड्यांपैकी तीनच येणार. आत मोठी बस जात नाही, रस्ता दगडधोंड्यांचा, त्यामुळे जीपशिवाय इलाज नाही. आगाऊ पैसे दिले होते, पावती होती, काही उपयोग झाला नाही. एका गाडीत दहा-दहा पोरं कोंबायला मी तयार नव्हते. शेवटी दोन फेऱ्या ठरल्या. पहाटे सरांबरोबर १९ जण, दहा वाजता माझ्याबरोबर १२. चिठ्ठ्या टाकल्या. म्हैसवाला बारांत आला आणि त्यानं सरळ भोकाड पसरलं.

पहाटेची तुकडी गेली. धुक्यात आम्ही तेराजण उरलो. दहापर्यंत करायचं काय?

मी सुतळी आणली होती. चार काटक्या रोवून एक-एक मीटरचे चौकोन केले, तीन-तीन मुलांना एक चौकोन, बाजूच्या झाडाखाली. नियम एकच: चौकोनातलं जिवंत किंवा कधीकाळी जिवंत असलेलं सगळं मोजायचं, आत पाय ठेवायचा नाही. पहिल्या पाच मिनिटांत सगळे ओरडले, "बाई, नुसता पाला हाय." पंधरा मिनिटांनी कुणी मान वर करेना. वरचा पाला कोरडा, त्याखालचा ओला, त्याखाली जाळी पडलेला, नुसत्या शिरा उरलेला, आणि त्याखाली काळी माती, जिला पावसाचा वास होता. पांढरे धागे बुरशीचे. गोळा होणारा किडा, पैसा म्हणतो आपण त्याला. दोन चौकोनांत गोगलगायीचे रिकामे शंख. एका गटाचा आकडा ११ वर गेला, दुसऱ्याचा १७ वर. त्या १७ त 'बाईंचा केस' पण धरला होता.

चौथ्या चौकोनात मुंग्या एक पीस ओढत होत्या. लांब, तपकिरी, कडेला काळसर पट्टे. पिसाच्या बुडाला थोडं काहीतरी चिकटलेलं होतं आणि मुंग्यांना हवं होतं ते. घारीला कोण खातं विचारणारी मुलगी त्याच गटात. ती बराच वेळ उकिडवी बसून होती. मग तिनं वहीत एक बाण काढला आणि वही मिटून ठेवली. पीस घारीचंच होतं की दुसऱ्या कुठल्या पक्ष्याचं हे मला ओळखता आलं नाही, आणि मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "असू दे."

मग खाचराच्या कडेला म्हैसवाल्यानं हाक मारली. रात्री गवे येऊन गेले होते. ओल्या मातीत दोन फाळ्यांचे खूर उमटलेले आणि चार ठिकाणी शेण. ताजं, वाफ अजून पुरती गेली नव्हती.

आतापर्यंत त्याचं रडणं थांबलं होतं. काटकी घेऊन तो खाली बसला आणि एखाद्या वैद्यानं नाडी बघावी तसं शेण बघायला लागला. "बाई, आमच्या म्हशीचं असं नसतंय. ह्यात सरकी न्हाई, पेंड न्हाई. नुसता पाला. आणि हे बघा, भाताची काडी." मावशींच्या खाचराचा पुरावाच मिळाला. गाईडदादानं शेजारचं जुनं शेण उलटं केलं. खाली मातीत बोटाएवढी भोकं, भोकाशेजारी उकरलेल्या मातीची ढिगोळी. शेणकिडे. दोन काळे, चकचकीत, एक पाय वर करून पडलेला. ते शेण जमिनीत ओढून नेतात, त्यात अंडी घालतात, आणि त्या खटाटोपात माती सैल होते, तिला खत मिळतं. आणखी एक शेण पुरं वाळलेलं, त्यावर नखाएवढ्या पांढऱ्या छत्र्या उगवलेल्या. कुणीतरी शेण उकरून विस्कटलंही होतं. दादा म्हणाला, "रानकोंबडं. आळ्या खायला येतंय."

म्हैसवाला म्हणाला, "म्हणजे शेण हे जेवण हाय." त्याला कुणी हसलं नाही.

साडेनऊला पहिली तुकडी परतली ती जीपमधूनच आरडत. आठ गव्यांचा कळप! एक नर तर 'बसएवढा'! चारी पायांना गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे! नर हजार किलोच्या घरात जातो हे खरं आहे, बसएवढा नसतो. माझ्या बाराजणांची तोंडं पडली. जखमेवर मीठ म्हणून सरांनी फोटोही दाखवला.

एक गोष्ट इथंच सांगते, कारण पोरांनी त्यावरून भांडण केलं. पाट्यांवर 'बायसन' लिहिलेलं असतं आणि आपण सर्रास 'गवारेडा' म्हणतो. दोन्ही चूक. बायसन अमेरिकेत आणि युरोपात. रेडा म्हशीच्या कुळातला. गवा हा गायीबैलांचा भाऊबंद. म्हैसवाल्याला हे अजिबात आवडलं नाही. पांढऱ्या पायाचा रेडाच तो, असं त्याचं आजही म्हणणं आहे.

आमची फेरी सावराई सड्यापर्यंत. आत शिरल्यावर थंडावा एकदम वाढतो, ऊन फक्त तुकड्या-तुकड्यांनी खाली येतं. ऐनाच्या झाडाची साल मगरीच्या पाठीसारखी, ती ओळखायला मुलांना एकदाच सांगावं लागलं. हिरडा, जांभूळ, अंजनी. भृंगराज दिसला, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला झुबके. तो दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो, हे ऐकल्यावर आमच्या नकलाकारानं त्याचीच नक्कल केली. मग शेकरू. आपला राज्यप्राणी, तांबूस, झुपकेदार शेपटीचा, एका झाडावरून दुसऱ्यावर असा गेला की जीप थांबेपर्यंत नाहीसा. गाईडदादानं त्याची घरटी दाखवली, उंच फांद्यांत काटक्या-पानांचे गोळे. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतं. "ह्याचे तर तीन-तीन फ्लॅट हाईत," मागच्या बाकावरून निकाल आला.

जीपवाले गव्यामागं धावतात, हा माझा अनुभव. दुसरं काही दाखवायला सांगितलं की त्यांना वेळ वाया गेल्यासारखं वाटतं. एका झाडावर मोठ्या नारळाएवढा मातकट गोळा लटकला होता. मी गाडी थांबवायला लावली. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, मुंग्यांचं घर हाय, त्यात काय बघायचं?" गाईडदादानं सांगितलं, की तांबूस सुतार नावाचा पक्षी या मुंग्यांच्याच घरट्यात चोचीनं भोक पाडून आपली अंडी घालतो. मुंग्या चावऱ्या, तरी तो तिथंच राहतो. एरवी मुंग्याच त्याचं खाणं. ड्रायव्हरनं मान वळवून पुन्हा एकदा गोळ्याकडं बघितलं. "मायला," तो हळूच म्हणाला, "मी गेली किती वर्षं ह्याच्याखालनं जातोय." पोरांनी 'मायला' ऐकलं नाही असं मी धरून चालते.

सड्यावर पोचलो. जांभ्या दगडाचं लांबरुंद पठार, वाळलेलं पिवळं गवत, वारा. गवा नाही. अर्धा तास बसलो. १२ पोरं अर्धा तास गप्प बसली, हा माझ्या नोकरीतला विक्रम. तरीही गवा नाही. दूर झाडीच्या कडेला काळं काहीतरी हललं असं तिघांना वाटलं. दादानं दुर्बिणीतून बघून सांगितलं, "दगड."

परतताना राष्ट्रीय उद्यानाचा विषय पुन्हा निघाला, सरांमुळे नव्हे तर म्हैसवाल्यामुळे. वाटेत एका वाडीतली गुरं दिसली होती. जंगलात गुरं कशी? मी सांगितलं, की १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य दोन्ही जपायचीच, पण नियम वेगळे. राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला बंदी. अभयारण्यात परवानगीनं काही हक्क राहू शकतात. म्हणून चांदोलीतली गावं उठवून बाहेर वसवावी लागली. "म्हणजे हितं म्हशीला परवानगी हाय," तो खूश. गाईडदादानं त्याचा आनंद थोडा कमी केला. गुरांचे रोग गव्यांना लागतात, लाळ्या-खुरकूत तर लागतोच, म्हणून आसपासच्या गावांतल्या गुरांना लस टोचून घ्यावी लागते. म्हैसवाला लगेच म्हणाला, "आमच्या सगळ्यांस्नी टोचलीय. कानात बिल्ला हाय." वर्गात प्रथमच त्याच्या म्हशींची चौकशी झाली: किती आहेत, बिल्ला दुखतो का, नंबर काय.

दुपारी कळलं, की आमच्या पाठीमागं सरांनी १९ जणांना क्रिकेट खेळवलं होतं. मी काही बोलले नाही. बोलले थोडं.

संध्याकाळी माझ्या बाराजणांनी त्या १९ जणांना खाचराकडं नेलं. गव्याच्या फोटोपुढं शेण कोण बघणार, असं मला वाटलं होतं. ३१ डोकी एका शेणावर वाकली. सूर्य मावळेपर्यंत हलली नाहीत. सर पण.

जाणाऱ्यांसाठी: भडक रंगाचे कपडे आणि अत्तर नको. प्लास्टिकच्या पिशव्या आत नेऊ नका, आमच्याकडं डबे आणि कापडी पिशव्या होत्या. चौकोनाचे खेळ फाटकाबाहेर, मुक्कामाच्या जागीच करा. आतून पान-दगड-बी काहीही उचलून आणायचं नाही, हे मुलांना निघायच्या आधीच सांगा आणि परतताना खिसे तपासा. आमच्याकडं खिशांतून दोन पिसं आणि एक हिरडा निघाला, ते गाईडदादाच्या हातात दिले.

रविवार

सकाळी उतारावर पाण्याचा प्रयोग. दोन तांबे पाणी. एक गाड्यांच्या चाकांनी घट्ट झालेल्या वाटेवर ओतायचा, दुसरा झाडाखाली पाल्यावर. वाटेवरचं पाणी बघता बघता खाली पळालं, तांबड्या मातीसकट, एका पोराच्या चपलेपर्यंत. पाल्यावरचं गेलं कुठं तेच कळेना. पुन्हा ओतलं. पुन्हा गायब. मुलांनी पाला बाजूला करून बघितलं तर खाली नुसतं ओलं. मी एवढंच विचारलं, की डोंगरावरची झाडं तोडली तर जुलैत राधानगरीचे दरवाजे लवकर उघडतील की उशिरा? वाद पेटला. अर्धा डोंगर तोडला तर? सगळाच? वाटा किती केल्या तर? तो परतीच्या बसमध्येही चालू होता, आणि त्यात १४२८ हा आकडा किमान वीस वेळा आला.

शेवटचा खेळ सुतळीचा. प्रत्येकानं काहीतरी व्हायचं: ऐन, मुंगी, शेकरू, घार, बेडूक, पाऊस, माती. ज्याचा ज्याच्याशी संबंध त्याच्याकडं सुतळीचं टोक द्यायचं, संबंध काय ते बोलून. गवा व्हायला नऊजण तयार, शेण व्हायला कुणी नाही. मी म्हटलं, शेणाशिवाय खेळ सुरू होणार नाही. थोडा वेळ शांतता. मग म्हैसवाला उठला आणि गोलाच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

पहिला धागा गव्याकडून आला. मग शेणकिडा, माशी, रानकोंबडं, बुरशी, माती. मातीकडून ऐन, ऐनाकडून शेकरू. मावशी कौतुकानं बघत होत्या, त्याही पुढं आल्या, "मला बी धरा की. माझ्या भाताचंच हाय त्यात." मावशींचा धागा. मुंगीकडं घारीचं टोक कुणी न्यायचं यावर घारवाली आणि ती बाण काढणारी मुलगी दोघी भांडल्या, दोघींनी नेलं. सगळ्यात शेवटी सुतळी संपली तेव्हा म्हैसवाल्याच्या अंगावर इतके वेढे झाले होते की हात हलेना. जेवणाची घंटा झाली. सगळे पळाले. शिपाईमामांनी कात्री आणली आणि त्याला सोडवायला दहा मिनिटं लागली. मामा म्हणाले, "आरं, तू तर सगळ्यांचा सोयराच झालास की."

तांदळाची भाकरी, पिठलं आणि ताक. निघालो. उलट्या कमी झाल्या, पाच फक्त.

अंधार पडायला बस शाळेच्या फाटकात लागली. पालकांची गर्दी. खिडकीतूनच प्रश्न सुरू झाले. म्हैसवाल्याचे वडील संध्याकाळच्या धारा उरकून आलेले, मोटरसायकलला दोन्ही बाजूंना रिकाम्या किटल्या. पोराच्या हातातलं दप्तर घेत त्यांनी विचारलं, "काय रं, दिसला का गवा?"

"न्हाई दिसला," पोरगं म्हणालं. "पर मी शेण झालतो."

वडिलांनी माझ्याकडं बघितलं.